एफपर्यंतची माणसं

सर गल्लीत शिरताना दिसले की काही घरांची दारं पटापट लागत. सर कुणाकडे काही मागायला येत नसत, भांडायला तर नाहीच. पांढरा फुल शर्ट, खिशाला पेन, पायात रबरी चपला आणि हातात कापडी पिशवी, अशा वेशात ते दारात उभे राहत आणि विचारत, "गिटार कुठं ठेवलीय?" ज्या घरातल्या पोरानं क्लास सोडून महिना उलटला असेल त्या घरी सर येणार, हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं.

मग कपाटावरची गिटार खाली निघे. सर ती मांडीवर घेत, पिशवीतल्या फडक्यानं धूळ पुसत आणि एकेक खुंटी फिरवून सहाही तारा ढिल्या करत. नंतर चहा पीत आणि उठत. "वाजवायची नसली तर ताणून ठेवायची नाही. मान वाकतीय तिची," एवढंच बोलत. क्लास का सोडला, हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. पण हा कार्यक्रम इतक्या गांभीर्यानं चाले की घरातल्या बायका पदर सावरून हळू आवाजात बोलू लागत. एका घरी तर निघताना आजोबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून "आता मनाला लावून घेऊ नका" असं सांगितलं होतं.

ही सवय त्यांना घरच्या हातमागावरनं लागली होती. सरांचं घर विणकरांचं, घरात बोलणं तेलुगू. वडिलांचा हातमाग होता. चार दिवस माग बंद राहणार असेल तर त्यावरचं ताणलेलं उभं सूत वडील आधी सैल करत आणि मगच गावाला जात. सरांनी तोच कायदा गिटारीला लावला. त्यात काही विचित्र आहे असं त्यांना शेवटपर्यंत वाटलं नाही.

मला हे सगळं इतकं माहीत असण्याचं कारण म्हणजे सरांचा क्लास वरच्या मजल्यावर आणि त्याच्या जिन्याला लागून खाली माझं झेरॉक्सचं दुकान. आता मी दुकान जुळे सोलापुरात हलवलंय, पण तेव्हा गिटार शिकायला निघालेला प्रत्येक माणूस आधी मलाच विचारायचा, "वर गिटारचा क्लास हाय का?" चेहरा बघून मी मनाशी ठरवायचो, हा किती दिवस टिकेल. बहुतेक वेळा माझा अंदाज बरोबर यायचा, कारण मी स्वतः त्याच जातकुळीतला.

कॉलेजात असताना मीही सरांकडे जात होतो. गॅदरिंगला एक गाणं वाजवायचं आणि ते एका विशिष्ट मुलीनं ऐकायचं, असा माझा संगीताचा अभ्यासक्रम होता. सरांचा वेगळा होता. पहिला आठवडा ते गिटारीला हातच लावू देत नसत. डाव्या हाताची नखं तपासत आणि पायानं ताल धरायला लावत. दुसऱ्या आठवड्यात तारा दाबायला मिळत. बोटांची कातडी सोलून निघे. तक्रार केली की म्हणत, "दुखतंय म्हणजे ती तुला ओळखायलीय. दुखू दे की." मग सी हा कॉर्ड यायचा, ए मायनर यायचा, जी यायचा आणि पोरांना वाटायचं, आता आपण कलाकार झालो. तेवढ्यात एफ यायचा.

ज्यांनी गिटार हातात धरलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. एफ म्हणजे पहिलं बोट आडवं टाकून सहाही तारा एकदम दाबायच्या आणि उरलेल्या बोटांनी वर आणखी कसरत करायची. झंकार सोडा, पहिले कित्येक दिवस पाटावर थापी मारल्यासारखा ठप्प आवाज येतो. नवशिके इथंच गळतात. सरांच्या हिशेबी सोलापुरात दोनच प्रकारची माणसं होती, एफच्या अलीकडची आणि एफच्या पलीकडची. पलीकडे माझ्या माहितीप्रमाणे सर एकटेच राहत होते.

मी एफला क्लास सोडला. महिन्यानं सर घरी आले. मी बाथरूममध्ये जाऊन कडी लावली. आईनं त्यांना पोहे दिले आणि "तो आंघोळीला गेलाय" असं दुपारी चार वाजता सांगितलं. सर बाथरूमच्या दाराशी येऊन घरच्या तेलुगूत हाक मारत म्हणाले, "एमय्या, काय रे, बाहेर ये की. गिटारीला राग आलेला नाही, मग मला कुठनं येणार?" मी नळ आणखी मोठा सोडला. पुढे बरोबर त्यांच्याच खाली दुकान मिळालं, तेव्हा वाटलं की दैवाला थट्टा करायची हौस असते.

दुकानात बसून मी गिटार शिकणाऱ्यांच्या पिढ्याच्या पिढ्या वर जाताना आणि खाली येताना पाहिल्या. आधी आमच्यासारखे गॅदरिंगवाले होते. त्यांचं दुखणं साधं होतं आणि गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी आपोआप बरं व्हायचं. मग टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धा आल्या आणि पोरांऐवजी आया जिना चढू लागल्या. "सर, तीन महिन्यात स्टेजवर बसला पायजे," असं एक आई म्हणाली. सर म्हणाले, "बसंल की. स्टेज बुटकं असलं तर आजबी बसंल." ती आई पोराला घेऊन शेजारच्या गल्लीतल्या कीबोर्डच्या क्लासला गेली.

नंतर लॉकडाऊन लागला आणि अख्ख्या शहराला एकदम गिटारीची तहान लागली. ज्यांनी आयुष्यात शिट्टी वाजवली नव्हती त्यांनी ऑनलाइन गिटारी मागवल्या. सर मोबाइलवर शिकवू लागले. त्यांना समोर विद्यार्थ्याची बोटं दिसायची सोडून पंखे, ट्यूबलाइट आणि एकदा तर फोडणी देणारी काकू दिसायची. काकूंच्या फोडणीचा ताल पोरापेक्षा चांगला होता, असं सर सांगत. दारं उघडली तशा गिटारी कपाटावर गेल्या. त्या वर्षी सर तारा ढिल्या करायला दिवसाला दोन-दोन घरं करत आणि इतका चहा पीत की त्यांना ॲसिडिटी झाली.

त्याच फेऱ्यांत जुनी गिटार असलेल्या एका कापड व्यापाऱ्याच्या घरची गोष्ट घडली. घरातल्या बाई मोठ्या अभिमानानं म्हणाल्या, "आमी हयगय करत न्हाय सर. दर खंडेनवमीला पूजा करतो की गिटारीची." दुकानातल्या कात्र्या, मीटरपट्टी, वजनकाटा यांच्या रांगेत गिटारही मांडली जायची. तिच्या मानेला झेंडूची माळ, अंगावर हळदीकुंकवाची पाच बोटं आणि मधल्या भोकात अक्षता. सरांनी गिटार पालथी करून हलवली तर आतून तांदूळ, सुकलेल्या पाकळ्या आणि एक सुपारी पडली. वर्तमानपत्र पसरून अर्धा तास ते गिटार झाडत बसले. परत आल्यावर दुकानात मला म्हणाले, "वर्षातनं एकदा हात लागतोय तिला. तोबी हळदीचा." मी हसून हसून बेजार झालो. सर मात्र हसले नाहीत.

मग रील आलं आणि माणसाला पूर्ण गाण्याची गरज उरली नाही. "सर, तेवढी सुरुवात शिकवा. तीस सेकंद बास," अशी मागणी सुरू झाली. एक नवरदेव तर वाजवायलाही शिकणार नव्हता, फक्त धरायला. लग्नाआधीच्या फोटोंसाठी. सरांनी त्याला तासभर बसवून सी नीट पकडायला शिकवला, कारण फोटोतली गिटारही खोटी वाजू नये असं त्यांचं मत. लग्नात कार्यालयाबाहेर मोठा फ्लेक्स लागला. छापणाऱ्यानं फोटो उलटा केला होता आणि नवरदेव डावखुरा झाला होता. सर जेवायचं सोडून त्या फ्लेक्ससमोर बराच वेळ उभे होते.

अशा माणसाला घर चालवायला क्लास हवा होता का, तर नाही. मुलगा पुण्यात कमावता होता. सरांना दुसरीच घाई झाली होती आणि ती मला एका झेरॉक्समुळे कळली. एक दिवस ते डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आले. "दुसऱ्याची आहे," म्हणाले. चिठ्ठीवर नाव सरांचंच होतं. डाव्या हाताचं पहिलं बोट वाकलं की अडकायचं, सरळ व्हायला दुसऱ्या हातानं ओढावं लागायचं. डॉक्टरांनी गिटार थांबवायला सांगितली होती. मी झेरॉक्स दिली. माझ्या चेहऱ्याकडे बघून सर तिथल्या स्टुलावर बसले आणि पहिल्यांदाच एका धुनेबद्दल बोलले.

तरुणपणी सर मागावरचं काम आटोपून सायकलनं होटगीला जात. तिथं रेल्वे क्वार्टरमध्ये एक गार्डसाहेब राहत, ते सरांचे गुरू. मालगाडीला सिग्नल मिळेपर्यंत तासन्‌तास बसून राहायचं, त्या वेळात गार्डसाहेबांनी एक धून रचली होती. तीन मिनिटांची, शब्द नसलेली. ती त्यांनी कुठं लिहिली नाही, सरांच्या हातात दिली आणि बदली होऊन गेले ते गेलेच. आता ती धून जगात फक्त सरांना येत होती आणि सरांचं बोट अडकत होतं.

"मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा की सर," मी म्हणालो.

"मला लोणचं घालायचंय का तिचं?" सर चिडले. "हाताकडनं हाताला द्यायची असतीय ती. पण घेणारा एफच्या पलीकडं आला पाहिजे ना. सगळे तीस सेकंदातच उतरायलेत."

यावर उपाय मीच सुचवला आणि तोही थट्टेत. म्हटलं, तीस-तीस सेकंदांचीच माणसं असतील तर त्यांना तुकडे करून वाटा. सरांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. आठ दिवसांनी कळलं की त्यांनी ते खरंच मनावर घेतलंय. त्यांनी धुनेचे सहा तुकडे केले आणि रीलसाठी येणाऱ्या प्रत्येकाला एकेक चारला. "हे इंटरनेटवर कुठं सापडणार नाही. फक्त तुला देतोय. कुणाला बोलू नकोस," असं प्रत्येकाला दार लावून सांगितलं. दुसऱ्या कुणाकडे नसलेली वस्तू म्हटल्यावर मंडळी जीव तोडून सराव करू लागली. खाली दुकानात मला वरून तेच तेच तीस सेकंद शंभर वेळा ऐकू येत.

पहिला तुकडा एका इंजिनिअरिंगच्या पोरानं घेतला, दुसरा निवृत्त बँक अधिकाऱ्यानं, तिसरा अकरावीतल्या मुलीनं. चौथा घेतला भाकरीवाल्या ताईंनी. त्या मूळच्या मंगळवेढ्याकडच्या, इथं विजापूर रोडला राहून कडक भाकरीची पाकिटं विकायच्या. लेबलं माझ्याकडेच छापत. एकदा म्हणाल्या, "भाऊ, भाकरीच्या व्हिडिओला कुटलं बी गाणं लावलं की समद्यांचं तेच असतंय. मला माजं सोताचं पायजे." मी बोटानं वरचा मजला दाखवला. सरांनी पहिल्या आठवड्यात त्यांना विचारलं, "बोट दुखतंय का?" ताई म्हणाल्या, "कशानं?" तव्याशी खेळलेल्या त्या बोटांना तारांचं काहीच वाटत नव्हतं. सरांनी खाली येऊन मला हे दोनदा सांगितलं.

सहावा तुकडा एका जिमवाल्या पोरानं घेतला. पाचवा कुणीच घेतला नाही. त्यात एफ होता, तोही लागोपाठ चार वेळा. सर म्हणाले, पाचवा मी वाजवीन.

एका रविवारी सकाळी त्यांनी "क्लासचा ग्रुप फोटो काढायचाय" म्हणून सगळ्यांना बोलावलं. मंडळी नटूनथटून आली. मलाही दुकान बंद करून वर यायला लावलं. "वाजवणारे जमले. ऐकायला एक माणूस पाहिजे," हे सरांचं आमंत्रण. त्यांनी सगळ्यांना ओळीनं बसवलं आणि आपापला तुकडा एकामागे एक वाजवायला सांगितला.

एकदम गलका झाला. इंजिनिअर उठून उभा राहिला. "सर, तुम्ही म्हणाला होता हे फक्त माझ्याकडंच आहे!"

"आहे की. तुझा तुकडा कुणाकडं आहे सांग."

"पण हे सगळं एकच गाणं निघायलंय!"

"मग? ते काय माझी चूक आहे?" सर म्हणाले आणि पायानं ताल धरला.

इंजिनिअर फुरंगटून बसला, पण वाजवला त्यानं. बँकवाले काका एकदा चुकले आणि सवयीनं "सॉरी, नेक्स्ट" म्हणाले. अकरावीतली मुलगी नीट वाजवून गेली. ताई मान खाली घालून वाजवत होत्या आणि त्यांचा तुकडा चढत चढत अशा जागी आला की मी पुढे सरकून बसलो. मी रोज खालून हेच तुकडे ऐकून कंटाळलो होतो. ते जोडले की असं काही होतं, हे मला माहीतच नव्हतं.

ताईंनी सोडलं तिथून सरांनी उचलायचं होतं. त्यांनी बोट आडवं टाकलं. ठप्प. पुन्हा दाबलं. ठप्प. बोट वाकलं आणि तिथंच अडकलं. सरांनी हात तसाच गिटारीवर ठेवला आणि पाचवा तुकडा अख्खा नुसत्या पायानं वाजवला. खोलीत फक्त रबरी चपलेचा आवाज होता. कुणाला काही कळलं नाही. तीस सेकंद झाल्यावर त्यांनी जिमवाल्याला मान हलवून खूण केली आणि त्यानं सहावा तुकडा वाजवून धून संपवली.

टाळ्या झाल्या, फोटो निघाला. संध्याकाळपर्यंत प्रत्येकानं आपापले तीस सेकंद मोबाइलवर टाकले, आपल्या आधीचं आणि नंतरचं कापून. पाय वाजवणारे सर कुणाच्याच व्हिडिओत नव्हते. मला त्या सगळ्यांचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण ही युक्ती माझी होती. सर मला इतकंच म्हणाले, "झालं. आता काय नाही."

मंगळवारी दुपारी भाकरीवाल्या ताई लेबलं न घेताच माझ्या दुकानावरून तरातरा जिना चढल्या. त्यांचा चेहरा बघून वाटलं, आता भांडण होणार. म्हणून मीही मागोमाग वर गेलो. सर खिडकीपाशी बसले होते.

"सर, माजं झालं आन् पुडं तुमचा नुसता पायच वाजत हुता," ताईंनी दारातूनच विचारलं. "तितं काय हाय?"

सर गडबडले. "तिथं एफ आहे. अवघड असतंय. तुमच्या व्हिडिओला लागत नाही ते."

"व्हिडिओचं राहू द्या वो. दोन दिस झालं, भाकरी थापताना माजा हात तितंच येऊन थांबतोय. चार भाकरी करपल्या. तितं काय हाय ते कळल्याबिगर मला काम सुदरायचं न्हाय."

सरांनी डावा हात पुढे केला. बोट अर्धवट वाकलेलं होतं. "मला वाजवून दाखवता यायचं नाही," ते म्हणाले. हे त्यांनी माझ्यादेखत पहिल्यांदाच कबूल केलं.

"मग तोंडानं सांगा की," ताई सतरंजीवर बसत म्हणाल्या. "माज्या सासूला दिसत नव्हतं. भाकरी मला तिनं तोंडानंच शिकवली."

सरही सतरंजीवर आले. मग समोर सरकले. पहिलं बोट आडवं, अंगठा मागून, कोपर अंगाला चिकटवा, असं एकेक सांगू लागले आणि मधेच पाचवा तुकडा तोंडानं गुणगुणू लागले. ताईंनी दाबलं. ठप्प. "परत." ठप्प. "परत. अंगठा खाली घ्या." मी दाराला टेकून उभा होतो. खाली कुणीतरी झेरॉक्ससाठी हाका मारत होतं. मला तिथून हलवेना.

कितव्या वेळी ते मी मोजलं नाही, पण एकदा ताईंच्या हाताखालून पाच तारा स्वच्छ बोलल्या.

"एक राहिली," सर म्हणाले.

"राहू द्या. यील ती बी," ताई पदरानं घाम पुसत उठल्या. "मला आता भाकरीचं पीठ मळायचंय. उद्या किती वाजता येऊ?"

एफ दाबून झाल्यावर हा प्रश्न त्या खोलीत कुणीच विचारला नव्हता. मी तर नाहीच. सरांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणून मीच बोललो, "या की अकराला."

"दहाला," सर घाईघाईनं म्हणाले. "दहालाच या. नऊला आलात तरी मी असतो."